फोन कानाला लावला की पडदा काळा का होतो? (मोबाईलमधले सेन्सर, खास ज्येष्ठांसाठी)

जुनी_वही

आमच्या सोसायटीजवळच्या विरंगुळा केंद्रात दर गुरुवारी मी मोबाईलच्या शंकांची बैठक घेतो. मी इंजिनिअर वगैरे नाही. टेलिफोन खात्यात ३१ वर्षं काढली, तेवढीच पात्रता.

गेल्या गुरुवारी एक आजी आल्या, वय ७८. म्हणाल्या, "फोन येतो, उचलते, बोलणं होतं. पण ठेवायला गेलं की पडदा काळाच. लाल बटण दिसतच नाही. समोरचा ठेवेपर्यंत मी आपली हातात धरून बसून राहते." दुकानात दाखवला होता. 'डिस्प्ले गेलाय, साडेतीन हजार होतील' असं सांगितलं म्हणे.

फोन हातात घेऊन उजेडात धरला. आवाज येण्याची जी बारीक फट असते तिच्या शेजारी काचेखाली एक टिकलीपेक्षा लहान काळा डोळा असतो. नव्याने लावलेल्या टफन काचेची काळी किनार नेमकी त्या डोळ्यावर आली होती. काच सोलून काढली, दुखणं संपलं. आजींनी विचारलं, "ते ठीक. पण मी कानाला लावला हे याला मुळात कळतं कसं?"

हा प्रश्न मला फार आवडला. घरी आल्यावर उत्तर लिहायला घेतलं ते वाढत गेलं, म्हणून धागा.

तर तो डोळा. फोनवर बोलणं चालू असताना त्यातून एक उजेड बाहेर पडत असतो, आपल्याला न दिसणारा. टीव्हीच्या रिमोटमधून निघतो तोच, अवरक्त प्रकाश. फोन गालाजवळ नेला की तो गालावर आपटून परत येतो. परत आलेला उजेड वाढला की फोन पडदा विझवतो, नाहीतर गालाने बटणं दाबली जातील आणि आपण बोलता बोलता कुणाला तरी भलताच फोन लागेल. आजींच्या फोनमध्ये उजेड त्या काळ्या किनारीवरूनच परत येत होता. फोनच्या मते गाल कायम चिकटलेला. याला प्रॉक्सिमिटी सेन्सर म्हणतात. काच, धूळ, पावडर, तेलकट डाग, यांपैकी काहीही त्याला फसवतं. आधी मऊ कापडाने वरची कड पुसा, मग दुकान.

न दिसणारा उजेड बघायचा असेल तर फोनचा कॅमेरा चालू करा, टीव्हीचा रिमोट त्याच्या समोर धरा आणि रिमोटचं बटण दाबा. टोकाला जांभळट पांढरा ठिपका चमकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात बघा, त्यात बहुधा दिसतो. आपल्या डोळ्यांना न दिसणारं कॅमेऱ्याला दिसतं, याची केंद्रात सगळ्यांना फार गंमत वाटली.

आता मुद्द्याचं. सेन्सर म्हणजे फोनची इंद्रियं, असं आपण म्हणतो. पण ही इंद्रियं अगदी मठ्ठ असतात. त्या डोळ्याला गाल माहीत नाही. उजेड किती परत आला एवढंच तो सांगतो. 'म्हणजे गाल असणार' हा तर्क आतल्या प्रोग्रॅमचा. फोनने काही अगम्य केलं की मी आता दोनच प्रश्न विचारतो: याने मोजलं काय? आणि त्यावरून ठरवलं काय? बहुतेक घोटाळे ठरवण्यात असतात.

दुसरं उदाहरण, पडदा आडवा-उभा होण्याचं. एस.टी.त उभे असताना ड्रायव्हरने ब्रेक मारला की आपण पुढे झुकतो आणि न बघता कळतं की गाडी थांबतेय. फोनमध्ये तिळाएवढी एक चिप असते, तिच्या पोटात सिलिकॉनचा एक सूक्ष्म ठोकळा बारीक स्प्रिंगांवर टांगलेला असतो. त्या ठोकळ्याला फणीसारखे दात. समोर दुसरी स्थिर फणी. दोन्हींचे दात एकमेकांत शिरलेले, पण न टेकता. ठोकळा जरा सरकला की दातांमधली फट बदलते, फट बदलली की तिथे साठणारा विजेचा भार बदलतो, आणि तो मोजता येतो. हा अ‍ॅक्सेलरोमीटर.

फोन टेबलावर शांत पडलेला असतानाही हा शून्य दाखवत नाही, ९.८ दाखवतो. शाळेतला गुरुत्वाकर्षणाचा आकडा. ठोकळा पृथ्वीकडे ओढला जातोच ना. त्यावरूनच फोनला 'खाली' कुठे आहे ते समजतं. आणि म्हणूनच कुशीवर झोपून वाचायला लागलं की अक्षरं आडवी होतात. फोनला जमीन कुठे ते कळतं, तुमचे डोळे कसे आहेत ते कळत नाही. वरून पट्टी खाली ओढून 'ऑटो रोटेट' बंद करा आणि निवांत लोळा.

बाकीचे सेन्सर प्रतिसादांत घेऊ. शंका विचारा, जाणकारांनी चुका दाखवा.

पेठकरीण

छान लिहिलंय. आमच्याकडे एक वेगळाच प्रकार. ह्यांना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. परवा संध्याकाळी मला अभिमानाने ४,००० पावलं दाखवली. दिवसभर तर झोपाळ्यावर बसून पेपर वाचत होते! फोन शर्टाच्या खिशात.

जुनी_वही

ताई, यजमानांनी लबाडी केली असेल तरी फोनने केलेली नाही. पावलं मोजणारा वेगळा सेन्सर बहुतेक वेळा नसतोच, काम त्या ठोकळ्याचंच. चालताना शरीर एका लयीत वर-खाली होतं, सेकंदाला साधारण दोन हिसके. तशी लय दिसली की प्रोग्रॅम म्हणतो, चाललाय. झोपाळ्याची लय त्याला थोडी तशी वाटली असेल. खड्ड्यातून जाणाऱ्या रिक्षातही काही पावलं फुकट मिळतात.

उलटही होतं. वॉकर धरून हळूहळू, पाय घासत चालणाऱ्यांची पावलं फोन गाळतो, कारण हिसका पुरेसा बसत नाही. आमच्या केंद्रातले एक काका गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खरोखर कष्टाने चालायचे आणि फोन त्यांना ३०० पावलं दाखवायचा. हिरमुसले होते. त्यांना म्हटलं, मिनिटं मोजा, पावलं नकोत.

वडाची_पारंबी

आणि ते रोज १०,००० पावलांचं खूळ कुठून आलं तेही लिहा. जपानमध्ये १९६५ च्या सुमारास कमरेला लावायचं एक पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलं मोजणारं'. आकडा जाहिरातीतून आला, डॉक्टरांच्या कागदावरून नाही.

पेठकरीण

हे ह्यांना वाचून दाखवणार नाही. आयतं कोलीत मिळेल.

फिजिक्सचे_मास्तर

धागाकर्त्याने फणीची उपमा बरोबर दिली आहे, तांत्रिक भाषेतही त्या रचनेला फणीच म्हणतात. एक भर घालतो.

अ‍ॅक्सेलरोमीटरला सरळ रेषेतला धक्का आणि कल कळतो. पण टेबलावर सपाट ठेवलेला फोन जागच्या जागी गोल फिरवला तर त्याला काही पत्ता लागत नाही, कारण 'खाली' ही दिशा बदललीच नाही. त्यासाठी जायरोस्कोप. नाव ऐकून लोकांना वाटतं आत भोवरा फिरतो. विमानातल्या आणि जहाजातल्या जुन्या जायरोस्कोपमध्ये खरोखरच भोवरा असे. फोनमध्ये भोवरा नाही, सेकंदाला हजारो वेळा थरथरणारा सिलिकॉनचा तुकडा आहे. थरथरत असतानाच त्याला वळवलं की तो आपल्या रेषेतून बाजूला सरकतो. फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिओलिस याने १८३५ मध्ये जे गणित मांडलं तेच हे. अरबी समुद्रातली वादळं नेहमी घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, त्यामागचंही कारण हेच. म्हणजे आठवी-नववीच्या भूगोलातला वारा तुमच्या खिशात आहे.

उपयोग काय? हात थरथरत असताना काढलेला फोटोही बऱ्यापैकी स्पष्ट येतो, तो याच्यामुळे. जायरोस्कोप हात किती हलला ते सांगतो आणि कॅमेरा तेवढा उलटा सावरून घेतो. माझ्या हाताला कंप आहे, त्यामुळे हा माझा सर्वात लाडका सेन्सर. स्वस्तातल्या फोनमध्ये तो कधी कधी नसतो. नवीन फोन घेताना विचारून घ्या.

गोदाकाठची

मास्तर, प्रणाम. माझा प्रश्न साधा आहे. नवीन फ्लॅटमध्ये देवघर पूर्वेला हवं म्हणून फोनमधलं होकायंत्र लावलं. हॉलमध्ये एक दिशा, बेडरूममध्ये दुसरी, आणि कपाटाशेजारी तर तिसरीच. मुलगा म्हणतो आई, सूर्य बघ. पण समोर तेरा मजली इमारत आहे, सूर्य दहा वाजता दिसतो.

जुनी_वही

ताई, कपाट लोखंडी आहे ना? तिथेच गोम आहे.

फोनमध्ये लोहचुंबकाची सुई नसते. मॅग्नेटोमीटर नावाची चिप असते. तिच्यातून वीज वाहत असताना आजूबाजूचं चुंबकत्व त्या विजेला किंचित बाजूला ढकलतं, ते ढकलणं मोजलं जातं. हॉल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये हा परिणाम शोधला. (आपला हॉल नव्हे.) पृथ्वीचं चुंबकत्व फारच दुबळं, जागेप्रमाणे २५ ते ६५ मायक्रोटेस्ला (चुंबकत्व मोजायचं एकक). फ्रिजवर चिकटवायचं खेळण्यातलं चुंबक जवळून त्याच्या शंभरपट भरतं. लोखंडी कपाट, स्लॅबमधल्या सळ्या, पंख्याची मोटर, स्पीकर, सगळे गोंधळ घालतात. आणि सर्वात मोठा चोर म्हणजे फोनचं स्वतःचं पाकीटवजा कव्हर, ज्याच्या झडपेला चुंबक असतो.

कव्हर काढा. गच्चीवर किंवा मोकळ्या मैदानात जा. फोन हातात धरून हवेत इंग्रजी आठचा (8) आकडा आडवा काढा, पाच-सहा वेळा. असं केल्याने फोनला स्वतःच्या पोटातलं चुंबकत्व ओळखून वजा करता येतं. मग दिशा बघा आणि ती लक्षात ठेवून घरात या. घरात पुन्हा मोजू नका.

अलिबागचा_पांढरा_कांदा

चुंबकत्वाचा विषय निघाला आणि आमच्या गावाचं नाव नाही? मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी १८४० च्या दशकापासून होत होत्या. पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असं ठरलं. त्या विजेच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये सगळं बिऱ्हाड अलिबागला हलवलं. दोन वर्षं दोन्हीकडे सोबतीने मोजमाप केलं, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळावा. मगच कुलाब्याचं काम थांबलं. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे, पनवेलच्या भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

सांगायचं म्हणजे, ट्रामच्या भीतीने ज्यांनी गाव बदललं त्यांच्या तोलाचं काम तुम्ही लोखंडी कपाटाला टेकून करताय.

गोदाकाठची

हाहाहा. गच्चीवर गेले, आठ काढले. खालून वॉचमन विचारतो, आजी काय ओवाळताय? देवघराची भिंत सापडली. धन्यवाद दोघांना.

लिंबूटिंबू

धाग्यावर मुद्दाम खुसपट काढतोय असं नको, पण जीपीएस येणार असेल तर आधीच सांगतो, तो सेन्सर नाही. तो रेडिओ आहे.

जुनी_वही

मान्य. आणि तो रेडिओ आहे हेच ज्येष्ठांना सांगायची गरज आहे. केंद्रात निम्मे लोक 'लोकेशन' बंद ठेवतात, कारण 'चालू केलं की उपग्रहावरून आपण दिसतो'.

उपग्रहांना आपण दिसत नाही हो. ते साधारण २०,२०० किलोमीटरवरून फक्त ओरडत असतात: 'मी अमुक, इथे आहे, आता इतके वाजले.' आकाशवाणीला जसं माहीत नसतं की तुम्ही रेडिओ लावलाय, तसं त्यांना तुमचं काही माहीत नसतं. फोन ऐकतो. आवाज पोचायला किती वेळ लागला त्यावरून प्रत्येक उपग्रह किती लांब ते काढतो. निदान चार उपग्रह ऐकू आले की आपण कुठे ते निघतं. घड्याळात सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला तर जागा ३०० मीटरने चुकते, म्हणून त्या उपग्रहांवर अणुघड्याळं असतात. अमेरिकेचा जीपीएस, तसा आपल्या इस्रोचा नाविक.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, जागा समजायला इंटरनेट लागत नाही, नकाशा उतरवायला लागतं. गावाला जाण्याआधी वायफायवर त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवला तर घाटात रेंज गेली तरी निळा ठिपका चालत राहतो. दोन, भीती बाळगायचीच तर उपग्रहाची नको. जागा फोनला समजल्यावर ती पुढे कुणाला पाठवायची, हे अ‍ॅप ठरवतं, आणि त्याला परवानगी तुम्ही देता. रिक्षा बोलावणाऱ्या अ‍ॅपला लोकेशन लागणारच. टॉर्चच्या अ‍ॅपला कशाला हवं? 'अ‍ॅप वापरताना' असा पर्याय असतो, तोच निवडा.

लिंबूटिंबू

+१. कॅमेरा आणि माइकसाठीही परवानगी लागते, आणि ते चालू असताना पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात रंगीत ठिपका दिसतो. अँड्रॉइड १२ पासून हिरवा. आयफोनमध्ये कॅमेऱ्याला हिरवा, नुसत्या माइकला नारिंगी. फोन करत नसताना, फोटो काढत नसताना ठिपका दिसला तर पट्टी खाली ओढून बघा कोण वापरतंय. माझ्या आईला मी एवढंच शिकवलंय, बाकी काही नाही.

स्टेथोवाली

डॉक्टर म्हणून मधे बोलते, कारण दवाखान्यात हा प्रकार आठवड्यातून एकदा तरी येतोच.

'डॉक्टर, मोबाईलवर बीपी १३५ आलं.' कशावर मोजलं? 'कॅमेऱ्यावर बोट ठेवलं.'

कॅमेऱ्यावर बोट आणि शेजारी फ्लॅश पेटलेला, यात खरोखर एक गोष्ट मोजली जाते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला बोटात रक्त भरतं, रक्त वाढलं की उजेड जास्त शोषला जातो, चित्र किंचित गडद होतं. ते गडद-फिकट होणं मोजलं की नाडीचे ठोके निघतात. हात स्थिर असेल, बोट गार नसेल तर आकडा बरा येतो. पण बीपी? त्या चित्रात दाब मोजणारं काहीही नाही. वय आणि नाडी बघून अ‍ॅप एक शहाणा दिसणारा आकडा फेकतं. धागाकर्त्याच्या भाषेत सांगायचं तर मोजली नाडी आणि ठरवलं बीपी. त्या आकड्यावर गोळी कमी-जास्त करणारे पेशंट मी पाहिले आहेत. दंडाला पट्टा बांधायचं यंत्र घ्या.

ऑक्सिजनचंही तेच. ऑक्सिमीटरच्या चिमट्यात लाल आणि अवरक्त असे दोन वेगळे उजेड बोटातून आरपार जातात, दोन्हींची तुलना होते. साध्या फोनच्या फ्लॅशमध्ये ती सोय नाही. कोरोनाच्या २०२१ च्या लाटेत खोट्या ऑक्सिमीटर अ‍ॅपचा सुळसुळाट झाला होता, पोलिसांना इशारे द्यावे लागले. ज्यांच्या घरी चिमटा मिळत नव्हता त्यांनी ती अ‍ॅपं वापरली, हे आठवलं तरी अजून कसंतरी होतं.

तापाची अ‍ॅपंही तशीच. बहुतेक फोनमध्ये अंगाचा ताप मोजणारं काही नसतं. पडद्यावर दिसतो तो बॅटरीचा नाहीतर गावातल्या हवेचा आकडा.

आणि ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी फोन शर्टाच्या डाव्या खिशात ठेवू नये. काही फोनमध्ये चार्जर चिकटवण्यासाठी चुंबकांचं कडं असतं. छातीपासून निदान १५ सेंटीमीटर लांब ठेवा असं फोन कंपन्याच सांगतात.

टोरांटोकर

हे सगळं वाचून मूळ काळजी विचारतो. आई सांगलीला एकटी असते, वय ८१. गेल्या पावसाळ्यात मोरीत पडली, शेजारच्या काकूंना कळेपर्यंत तीन तास गेले. इथून मी फोन करत होतो, वाजत होता. फोनमध्ये इतके सेन्सर आहेत तर पडलेलं कळत नाही का?

जुनी_वही

दादा, फोन कुठे होता तेव्हा?

टोरांटोकर

बैठकीत, टीव्हीवर.

जुनी_वही

मग त्याच्या ठोकळ्याला काय कळणार. सेन्सर स्वतःचं हलणं मोजतो, माणसाचं नाही. माणसाचं मोजायचं तर तो माणसाच्या अंगावर हवा. म्हणून यासाठी मनगटी घड्याळ.

पडणं ओळखायची युक्ती अशी. पडताना क्षणभर वजन हरवल्यासारखं होतं, म्हणजे तो ९.८ चा आकडा शून्याकडे जातो. मग एकदम मोठा आघात. मग शांतता. हे तीन टप्पे ओळीने आले, शिवाय मनगट ज्या प्रकारे फिरलं ते जायरोस्कोपने सांगितलं, की घड्याळ म्हणतं, पडले. आयफोनवाल्यांच्या घड्याळात ही सोय २०१८ मध्ये आली, आता इतरही काही कंपन्या देतात. घड्याळ आधी विचारतं, 'पडलात का? ठीक आहात का?' उत्तर नाही आणि साधारण मिनिटभर हालचालही नाही, तर आपत्कालीन नंबर लावतं आणि घरच्यांना निरोप जातो.

पण आधीच सांगतो: भिंतीला धरत हळूहळू घसरत बसलेलं त्याला बऱ्याचदा कळत नाही, आघातच नसतो. सोफ्यावर धप्पकन बसलं तर मात्र बोंब ठोकतं. मोरीत पाणी लागेल म्हणून आईने घड्याळ काढून खुंटीला अडकवलं तर सगळंच व्यर्थ. पाण्यात चालणारं घ्या आणि आंघोळीला काढायचं नाही हे त्यांना पटवून द्या. घेण्याआधी ते त्यांच्या फोनशी जुळतं का आणि भारतात ही सोय चालते का, तेही विचारा.

पेठकरीण

टोरांटोकर, मोरीत रबरी चटई आणि भिंतीला दांडी बसवलीत का? ते आधी. आणि शेजारच्या काकूंकडे किल्ली असू द्या.

टोरांटोकर

दांडी बसवली. किल्ली दिली. चटई आईने 'बुळबुळीत होते' म्हणून बाहेर टाकली. घड्याळ डिसेंबरमध्ये येताना आणतो.

जुन्या_पेन्शनवाली

नोव्हेंबर जवळ आला की माझ्या पोटात गोळा येतो. हयातीच्या दाखल्याला अंगठा लागतच नाही. घरच्या फोनलाही बोट लागत नाही. ४० वर्षं भांडी घासली, कपडे धुतले, रेषाच उरल्या नाहीत. फोनला बोट लागायला लागलं तर दाखल्यालाही लागेल का?

जुनी_वही

ताई, दोन्ही वेगळी कामं आहेत. फोनमधलं बोट फोनमध्येच राहतं, कुलूप उघडण्यापुरतं. ते आधारकडे जात नाही. दाखल्याच्या वेळचा अंगठा वेगळ्या यंत्रावर घेतात आणि तो आधारमध्ये नोंदवलेल्याशी ताडतात.

बोटाच्या कातडीवर बांध आणि सरी असतात, शेतासारखे. सेन्सरच्या पट्टीवर बांध टेकतात, सरीत हवा राहते. जिथे टेकलं तिथे विजेचा भार वेगळा, जिथे हवा तिथे वेगळा, त्यातून नकाशा तयार होतो. पडद्याखालचा सेन्सर असेल तर तो बहुधा उजेड टाकून बोटाचा फोटोच काढतो. बांध झिजले किंवा बोट कोरडं पडलं की नकाशा पुसट. फोनसाठी उपाय: हाताला किंचित क्रीम चोळून पुसून टाका, मग नोंदवा. एकच बोट दोनदा नोंदवा. आणि कामाच्या हाताचा अंगठा सोडून दुसऱ्या हाताची करंगळीशेजारची बोटं करून बघा, ती कमी झिजलेली असतात.

दाखल्यासाठी मात्र अंगठ्याशी झगडू नका. २०२१ पासून चेहऱ्यावरूनही हयातीचा दाखला निघतो, घरबसल्या, फोनच्या कॅमेऱ्यावर. त्याला 'जीवन प्रमाण' आणि आधारचं चेहरा ओळखणारं, अशी दोन अ‍ॅपं लागतात. खिडकीकडे तोंड करून बसा, पाठीमागे उजेड नको, आणि सांगेल तेव्हा डोळे मिचकावा. मिचकावणं कशाला, तर समोर माणूस आहे, फोटो नाही, हे समजावं म्हणून. अ‍ॅप फक्त अधिकृत दुकानातून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या दुव्यावरून नको.

जुन्या_पेन्शनवाली

म्हणजे डोळे मिचकावून जिवंत असल्याचं सांगायचं. बरं.

कळसूबाई_दोनदा

बॅरोमीटर राहिला. हवेचा दाब मोजतो. महाबळेश्वरला नेलेलं वेफर्सचं पाकीट टम्म फुगतं, तेच कारण: वर हवा विरळ. समुद्रसपाटीला १,०१३ मिलिबार, आणि दर आठ-साडेआठ मीटर चढलं की साधारण एक मिलिबार कमी. चांगल्या फोनला जिन्याचा एक मजला चढलेला कळतो. महाग फोनमध्ये असतो, साध्यात बहुधा नाही.

वडाची_पारंबी

आणि पडदा आपोआप अंधुक होतो तो उजेडाच्या सेन्सरमुळे. तोही वरच्याच कडेला. तिथे बोट राहिलं की फोनला रात्र झाली असं वाटतं.

मांजराकाठ

मी लातूर जिल्ह्यातला. गेल्या वर्षी मुलाने माझ्या फोनमध्ये भूकंपाचा इशारा चालू करून दिला. तो म्हणतो तुमचा फोनच भूकंप मोजतो. खरं आहे का? ३० सप्टेंबर १९९३ ला आम्ही गणपती बोळवून येऊन झोपलो होतो. पहाटे तीन छप्पन्नला जे झालं ते बघितलेल्या माणसाला फोनवर असल्या गोष्टी खेळ वाटतात.

फिजिक्सचे_मास्तर

खेळ नाही, पण मर्यादाही आहे.

तुमचा फोन चार्जिंगला लावून स्थिर पडलेला असतो तेव्हा तोच फणीवाला ठोकळा जमिनीची थरथर टिपू शकतो. एका फोनने टिपली तर काही नाही, कुणी टेबलाला धक्का दिला असेल. एकाच भागातल्या अनेक फोनने एकाच वेळी टिपली की भूकंप. अँड्रॉइडची ही सोय भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये आली.

भूकंपाच्या दोन लहरी असतात. पहिली हलकी, सेकंदाला साधारण सहा किलोमीटर. दुसरी घरं पाडणारी, सेकंदाला साडेतीन. आणि फोनचा निरोप जातो प्रकाशाच्या वेगाने. केंद्राजवळच्या फोननी पहिली लहर टिपली की १०० किलोमीटरवरच्या माणसाला दुसरी येण्याआधी दहा-पंधरा सेकंद मिळू शकतात. पण केंद्राच्या अगदी जवळ दोन्ही लहरी जवळजवळ लागूनच येतात. तिथे इशारा पोचेपर्यंत वेळ गेलेली असते.

म्हणजे तेव्हा फोन असते, तरी किल्लारीला स्वतःला फारसा उपयोग झाला नसता. सोलापूरला काही सेकंद मिळाले असते.

मांजराकाठ

सोलापूरला घरं पडली नव्हती मास्तर.

बरं. चालू राहू दे.

फिजिक्सचे_मास्तर

हो. राहू द्या चालू. मोबाईल डेटा किंवा वायफाय, आणि लोकेशन, दोन्ही चालू लागतात.

पेठकरीण

इतके सेन्सर रात्रंदिवस जागे म्हणजे बॅटरी तेच खातात का? बंद करू का सगळे?

लिंबूटिंबू

नका करू. तो ठोकळा वगैरे जवळजवळ उपाशीच असतात. बॅटरी खातो पडदा, त्यानंतर नेटवर्क, आणि रस्ता दाखवत असताना जीपीएस. काकांचा झोपाळा बॅटरी खात नाही.

जुनी_वही

आज गुरुवार. बैठक झाली, म्हणून हा वृत्तान्त.

त्या ७८ वर्षांच्या आजी पुन्हा आल्या होत्या. घरचा टीव्ही आठ दिवस बंद होता, मुलगा रविवारी मेकॅनिक बोलावणार होता. आजींनी फोनचा कॅमेरा लावला, रिमोट समोर धरून बटण दाबलं. ठिपका नाही. म्हणजे टीव्ही बरा आहे, रिमोटच मुका आहे, हे त्यांनी स्वतः ठरवलं. मागचं झाकण उघडलं तर नातवाने खेळताना सेल उलटे घातलेले.

आज त्यांनी केंद्रातल्या सहा जणांच्या टफन काचा तपासल्या. दोन सोलल्या.

गोदाकाठची

आजींना माझा नमस्कार सांगा. मीही आत्ता करून बघितलं, माझ्या रिमोटचा ठिपका दिसत नाही. सेल सुलटे आहेत, कालच नवीन घातलेत. आता?

लिंबूटिंबू

ताई, सेल्फीचा कॅमेरा.

गोदाकाठची

दिसला!